फोटोवर हात फिरवावा, पण किती?



फोटोत फेरफार करणे हे मोबाइलबरोबर आले, असे आपण समजतो. ते खरे नाही. पूर्वी स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने हात फिरवीत. चेहऱ्याची सुरकुती निगेटिव्हवर फिकी उमटते. ती पेन्सिलीने भरली की कागदावर नाहीशी होते. काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या लुगड्याला, कुंकवाला ब्रशाने रंगही देत.

अमेरिकेचे अँसल ॲडम्स हे मोठे छायाचित्रकार. १९४१ साली त्यांनी एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. अंधाऱ्या खोलीत कागदावर प्रकाश पडत असता मध्ये पुठ्ठा धरला, की तेवढा भाग उजळ राहतो; प्रकाश जास्त वेळ दिला, की काळवंडतो. या युक्तीने त्यांनी पुढे त्याच निगेटिव्हवरून आकाश अधिकाधिक काळेभोर छापले. ते पियानो शिकलेले होते. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि छापलेला फोटो म्हणजे मैफल, असे ते समजावीत. एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी गातात. त्यांना आपण खोटे म्हणत नाही.

मग खोटे कोणते? फेब्रुवारी १९८२ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने मुखपृष्ठावर इजिप्तचे पिरॅमिड छापले. आडवा फोटो उभ्या पानात बसेना, म्हणून संगणकाने पिरॅमिड जवळ सरकवले. त्यावर टीका झाली. कारण जग आहे तसे दाखवील, या विश्वासाने लोक ते मासिक घेतात. भिंतीवर लावायचे चित्र असते तर कोणी बोलले नसते.

आता घरची गोष्ट. लग्नासाठी पाठवायच्या फोटोत मुलीचा रंग उजळून देतात. कित्येक मोबाइल तर न विचारताच कातडी गुळगुळीत करतात. उजेड कमी पडला म्हणून सारा फोटो उजळणे वेगळे आणि सावळी मुलगी गोरी करणे वेगळे. पहिल्यात फोटोची उणीव भरून निघते. दुसऱ्यात उणीव मुलीतच आहे, असे आपण कबूल करतो. आणि ती मुलगी हे सारे पाहत असते! पुढे पाहुणे घरी आले, की फोटो आणि मुलगी ताडून पाहतात, तेव्हा मान तिलाच खाली घालावी लागते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. कडा कापा, उजेड सुधारा, चार दिवसांत जाणारी पुटकुळी खुशाल पुसा. पण जे माणसाचे कायमचे आहे त्याला हात लावू नका. मंडळाच्या ग्रुप फोटोतही आमच्या सुरकुत्या राहू द्याव्यात, अशी संपादक भगिनींना विनंती करून मी आपली रजा घेते.