अळिंबीचा न दिसणारा रोग
(बचतगटांच्या बहिणींसमोर केलेले भाषण)

बहिणींनो, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात भाताचा पेंढा घरचाच, म्हणून धिंगरी अळिंबी आपल्याला परवडते. पण हिरवी बुरशी डोळ्यांना दिसते, विषाणू दिसत नाही. १९४८ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ला फ्रान्स आडनावाच्या भावांकडे बटन अळिंबीचे पीक असेच बसले. कारण विषाणू, हे १९६२ साली इंग्लंडमध्ये उलगडले. पुढे धिंगरीतही विषाणू सापडले.

खूण काय? लांब वाकडा देठ, लहान टोपी, पिशवीवर रिकामे पट्टे, घटलेला तोडा. हवा कोंडली तरी देठ लांबतो; म्हणून आधी खिडकी उघडून पाहा. तरी फरक नाही, तर ताज्या बियाण्याच्या चार पिशव्या दुसऱ्या घरात लावा. त्या चांगल्या आल्या तर जुन्या बियाण्यावर संशय घ्या. पक्के निदान प्रयोगशाळेतच.

यावर औषध नाही, फवारणीत पैसे घालू नका. रोग बीजाणूंतून आणि जुन्या तंतूंतून पसरतो. टोपी पूर्ण पसरण्याआधी तोडा. जुन्या पिशवीतूनच बी वाढवले तर चार पैसे वाचतात खरे, पण रोगही त्यातूनच पुढे जातो. बियाणे पुण्याच्या कृषी महाविद्यालयासारख्या खात्रीच्या ठिकाणाहूनच आणा. संपलेल्या पिशव्या शेडजवळ टाकू नका. प्लास्टिक काढून पेंढा लांब खड्ड्यात पुरा.