बाद फेरीतले भाकीत

तालुक्याच्या ठिकाणी कबड्डीचे सामने भरले, की मैदानात जेवढा खेळ रंगतो तेवढाच मैदानाबाहेर वाद रंगतो. "यंदा आमचेच गाव ढाल नेणार," असे एकजण म्हणतो. "अहो, उपांत्य फेरीत तुमची गाठ कोणाशी आहे ते तर बघा," असे दुसरा म्हणतो. हा वाद नीट कसा घालावा, याविषयी आज बोलायचे आहे. उदाहरण मात्र जरा दूरचे घेऊ. सन २०२३ मध्ये फ्रान्स देशात रग्बी या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. तिच्या बाद फेरीच्या आधी चाहत्यांत जो वाद झाला, तो आपल्याला पुष्कळ शिकवून जातो.

प्रथम खेळ कसा तो सांगतो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा गडी असतात आणि चेंडू लांबट, अंड्याच्या घाटाचा असतो. तो हाताने फेकायचा तर बाजूला किंवा मागेच फेकायचा. पुढे न्यायचा असेल तर छातीशी धरून पळत न्यायचा, नाहीतर लाथेने मारायचा. चेंडू धरून पळणाऱ्याला कवळ घालून पाडण्याची मुभा असते. कबड्डी खेळणाऱ्याला हे लगेच उमजेल. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला, की पाच गुण मिळतात. मग तो उंच खांबांच्या मधून लाथेने पार केला, तर आणखी दोन. समोरच्याने नियम मोडल्यास जी दंडाची लाथ मिळते, तिचे तीन गुण. आपल्या देशाशीही या खेळाचा जुना धागा आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या एका क्लबाने मंडळ मोडताना शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून करंडक घडवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या करंडकाच्या नावाने खेळतात.

आता स्पर्धेकडे वळू. वीस संघ होते आणि त्यांचे चार गट पाडले होते. गटात साखळी पद्धतीने सामने व्हायचे आणि प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जायचे. तेथून पुढे बाद पद्धत, म्हणजे हरला तो घरी गेला. करंडक मिळवायला लागोपाठ तीन सामने जिंकणे भाग होते.

वादाची पहिली ठिणगी पडली ती सोडतीवरून. गटांची सोडत डिसेंबर २०२० मध्येच काढली होती आणि मानांकन धरले होते ते त्याच वर्षाच्या आरंभीचे. मधल्या काळात कोणी वर चढले, कोणी खाली घसरले. प्रत्यक्ष स्पर्धा सुरू झाली तेव्हा जगातले पहिले पाच संघ, म्हणजे आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स, न्यूझीलंड आणि स्कॉटलंड, दोनच गटांत दाटीने बसलेले होते. शिवाय त्या दोन गटांतल्या संघांचीच उपांत्यपूर्व फेरीत एकमेकांशी गाठ होती. त्यामुळे पहिल्या चारांतले दोन तरी उपांत्य फेरी न बघताच परतणार, हे आधीच ठरून गेले होते.

दुसरा वाद आयर्लंडचा. हा संघ लागोपाठ सतरा सामने जिंकून आला होता. साखळीत त्याने दक्षिण आफ्रिकेलाही १३–८ असे हरवले होते. त्याचे चाहते म्हणत, "यंदा आम्हांला कोण अडवतो?" विरोधक म्हणत, "सात वेळा उपांत्यपूर्व फेरीत आलात आणि साती वेळा हरलात." यावर उत्तर मिळे, "ते गडी वेगळे, हे गडी वेगळे. मैदानात इतिहास उतरत नाही." न्यूझीलंडला पहिल्याच सामन्यात फ्रान्सने २७–१३ असे नमवले होते, म्हणून पुष्कळांनी त्याला मोडीत काढले होते.

आणि झाले काय? न्यूझीलंडने आयर्लंडला २८–२४ असे हरवले. शेवटी आयर्लंडच्या गड्यांनी चेंडू न गमावता तब्बल सदतीस चढाया केल्या, पण रेषा काही ओलांडता आली नाही. दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकेने यजमान फ्रान्सला २९–२८ असे, एका गुणाने हरवले. त्या सामन्यात फ्रान्सची दोन गुणांची एक लाथ चेस्लिन कोल्बे या गड्याने वेगाने धावत जाऊन अडवली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला १६–१५ असे हरवले, आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२–११ असे. तीन सामने, आणि तिन्ही एकेका गुणाने! गंमत अशी, की अंतिम सामन्यात भेटलेले दोन्ही संघ साखळीत एकेक सामना हरलेले होते.

आता कोणी म्हणेल, हा नशिबाचा खेळ. कोणी म्हणेल, हे मनोधैर्य. दोन्ही बोलण्यांत थोडे थोडे तथ्य आहे. परंतु त्याआधी साधा हिशेब करून पाहावा. समजा, एखादा संघ इतका बलवान आहे, की कोणाशीही चार सामने खेळला तर तीन जिंकेल. अशा संघाने लागोपाठ तीन सामने जिंकण्याचा संभव किती? तीन-चतुर्थांश तीन वेळा गुणा. उत्तर येते चौसष्टांत सत्तावीस, म्हणजे निम्म्याहूनही कमी! सर्वांत बलवान संघ करंडक नेण्यापेक्षा न नेण्याचाच संभव अधिक. हे आपल्या मनाला पटत नाही, म्हणून तर पारावर भांडणे होतात.

शिक्षक मित्रांनी हा हिशेब वर्गात करून दाखवावा. पिशवीत चार चिंचोके टाकावेत आणि त्यांतल्या एकावर खडूची खूण करावी. मुलाने न बघता एक चिंचोका काढावा, पाहून परत टाकावा. असे तीनदा करावे. खुणेचा चिंचोका एकदाही आला नाही, तर संघ जिंकला. असे चौसष्ट वेळा केले, तर जिंकणे साधारण सत्तावीसच्या आसपास भरेल. अपूर्णांकांचा गुणाकार मुलांच्या कायमचा ध्यानात राहील.

पण या हिशेबाचा खरा उपयोग गणिताच्या तासापुरता नाही. शाळेचा संघ पहाटेची एस.टी. धरून तालुक्याला जातो, पहिल्याच सामन्यात एका गुणाने हरतो आणि संध्याकाळी गावात परततो. मग काय होते? "यांच्यात दमच नाही," असे मोठी माणसे मुलांच्या तोंडावर बोलतात. वर्षभराचा सराव एका गुणावर तोलला जातो आणि पुढच्या वर्षी त्यांतली दोन-तीन मुले मैदानावर फिरकतही नाहीत. ही हानी हरण्याने झालेली नसते. आपल्या बोलण्याने झालेली असते. सतरा सामने जिंकलेला संघही चार गुणांनी घरी जातो, हे त्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

तेव्हा वाद जरूर घालावा, पण तीन गोष्टी पाहून घालावा. संघ किती बलवान हे तर पाहावेच. पण त्याच्या वाटेत कोण उभे आहे तेही पाहावे, आणि जिंकायचे सामने किती तेही मोजावे. सामने भरवणाऱ्यांनीही सोडत काढताना जुन्या कीर्तीवर न जाता ताजी कामगिरी धरावी. रग्बीवाल्यांनीही पुढच्या स्पर्धेची सोडत पूर्वीपेक्षा जवळ आणली आहे. सन २०२७ ची ती स्पर्धा ऑस्ट्रेलियात ठरली आहे. तिच्यात चोवीस संघ असून बाद फेरी सोळा संघांची आहे, म्हणजे करंडकासाठी तीनऐवजी चार सामने जिंकावे लागतील. आपल्या त्या बलवान संघाचा संभव आता किती उरला, हा गुणाकार मी तुमच्यावर सोपवतो.