सैनिकाची सेवा आणि लेकरांचे शिक्षण
(दहिवली येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्कारानंतर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आपली आज्ञा झाली. आज सत्कार झालेल्यांत काही निवृत्त जवानांची मुले होती. त्यांना पाहून एक जुने शल्य पुन्हा जागे झाले.

काही वर्षांपूर्वी आपल्यातील एका निवृत्त नाईकाच्या कन्येस औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला. पित्याने घरातील दागिने गहाण ठेवून शुल्क भरले. पंतप्रधान शिष्यवृत्तीचे नाव त्या घरी पोहोचले, ते मुलगी दुसऱ्या वर्षात गेल्यावर. अर्ज पहिल्याच वर्षी करावयाचा असतो. वेळ टळून गेली होती. त्या घरी आम्ही कितीदा चहा घेतला, पण याविषयी एकदाही विचारपूस केली नाही. हा दोष आम्ही आमच्याच पदरी घेतो.

सैन्यसेवेच्या पुण्याईवर शिक्षण, ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत १९४४ च्या कायद्यामुळे महायुद्धातून परतलेले सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत शिकले. आपल्याकडे १९७१ च्या युद्धानंतर कामी आलेल्या, बेपत्ता झालेल्या वा कायमचे अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांचे शुल्क, वसतिगृह, पुस्तके व गणवेश यांचा भार शासनाने उचलला. २०१७ साली शुल्क व वसतिगृहाच्या खर्चावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. नाराजी उमटल्यावर २०१८ मध्ये ती काढून टाकण्यात आली.

परंतु बहुतेक जवान, ईश्वरकृपेने, सुखरूप घरी येतात. त्यांची निवृत्ती लवकर होते आणि मुलांच्या महाविद्यालयाची वेळ नेमकी त्यानंतर येते. अधिकारीपदाखालील माजी सैनिकांच्या मुलांसाठी २००६ साली पंतप्रधान शिष्यवृत्ती सुरू झाली. बारावीस किमान ६० टक्के गुण हवेत. २०१९ पासून मुलीस दरमहा ३,००० व मुलास २,५०० रुपये ठरले. वर्षास ५,५०० शिष्यवृत्त्या, त्यांतील निम्म्या मुलींच्या. मात्र ती अभियांत्रिकी, वैद्यक, बी.एड. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतीच आहे. साध्या पदवीसाठी, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीतून साहाय्य मिळू शकते. नोव्हेंबर २०२५ पासून ते दरमहा प्रत्येकी २,००० रुपये झाले आहे.

कित्येक स्वाभिमानी जवान म्हणतात, “सरकारपुढे हात कशाला पसरावा?” बंधूंनो, ही भिक्षा नव्हे. बर्फात आणि वाळवंटात उभे राहून पित्याने मिळविलेले हे मुलांचे धन आहे. पण ते आपल्या पायांनी उल्हास नदी ओलांडून दहिवलीस येणार नाही!

म्हणून आमची विनंती अशी : आज घरी गेल्यावर पेटीतील डिस्चार्ज बुक बाहेर काढा. त्यात मुलांची, विशेषतः मुलींची, नावे व जन्मतारखा आहेत ना, शाळेच्या दाखल्याशी जुळतात ना, हे ताडून पाहा. चूक असेल तर निकालाची वाट न पाहता अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ज्या विधवा भगिनींस सोबत नाही, त्यांच्याबरोबर मंडळाच्या तरुणांनी जावे.

आणखी एक. शुल्क आधी भरावे लागते, शिष्यवृत्ती मागाहून येते. तेवढ्या मुदतीपुरती बिनव्याजी उचल देणारा निधी मंडळाने उभारावा. त्यात पहिली वर्गणी आमची. केवळ कागदाअभावी आपल्या एकाही लेकीचे शिक्षण अडू नये, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.