गाळा कोणाच्या नावानं?

चुलीपुढे बसून, गोठ्यात, नाहीतर कापूस वेचता वेचता ओटीत मोबाईल ठेवून ऐकणाऱ्या माझ्या सगळ्या ताई-मावश्यांनो, मागच्या खेपेला मी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले होते. आज धंद्याच्या जागेवर बोलते. विषय साधा वाटेल, पण मला तो बोलायला दीड वर्ष लागलं.

2023 च्या सप्टेंबरात मुंबईला मुलुंडमध्ये एक मराठी बाई ऑफिससाठी जागा पाहायला गेली होती. तिथल्या सोसायटीत तिला तोंडावर सांगितलं, इथे महाराष्ट्रीय लोकांना जागा देत नाही. तिनं व्हिडिओ काढला, तो राज्यभर फिरला, पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. आमच्या प्रभाग संघाच्या बैठकीतही तो मोबाईल हातोहात फिरला. बाया अशा चिडल्या म्हणता! "आपल्याच राज्यात आपल्याले जागा नाई देत? हे कोण लागून गेले?" चहा थंड झाला, पण बोलणं थांबेना.

मी मात्र त्या दिवशी गप्प होते. कारण त्याच सुमारास आमच्याच तालुक्यात, आमच्याच एका गटाला जागा मिळत नव्हती आणि त्यावर कोणाचा चहा थंड झाला नव्हता.

गावाचं नाव सांगत नाही. बाजाराचं गाव आहे, रस्त्यावरचं. आपल्या जिल्ह्यात नागपूर-तुळजापूर रस्ता रुंद झाला, तसे बाकीचेही रस्ते सुधारले, आणि कडेच्या वावरांची किंमत एकदम चढली. जिथे कालपर्यंत तूर उभी होती तिथे शटरवाले गाळे उठले. रस्ता रुंद करताना जुन्या टपऱ्या मात्र उठल्या. त्या टपऱ्या कोणाच्या होत्या हे आठवून पाहा. चप्पल शिवणारा, पंक्चरवाला, बांगड्यावाली मणियार बाई, सायकलवर कुल्फी विकणारा, उकडलेली अंडी विकणारी आपली मावशी. सरकारी जागेवरचे म्हणून ते हटले, त्यात गैर काही नाही असं कोणी म्हणेल. पण मग नव्या गाळ्यांत त्यांच्यातले किती आले? आमच्या त्या गावात मी मोजलं. एकही नाही.

आता आमच्या गटाचं. दहा बाया, नऊ बौद्ध आणि एक कुणबी. कुणबी ताई सचिव, तिचं घर त्यांच्या वस्तीच्या कडेला. अध्यक्षा आमची एक मावशी, हाताला अशी चव की लग्नाचा स्वयंपाक तिच्यावर सोडून पाहुण्यांत बसावं. गटानं खानावळ काढायचं ठरवलं. बँकेचं दीड लाखाचं कर्ज मंजूर झालं. अन्न नोंदणीचे वर्षाचे 100 रुपये भरून कागद काढला, भांडी घेतली, शेगडी घेतली. राहिली होती फक्त जागा.

पहिल्या मालकानं गाळा दाखवला, भाडं सांगितलं, पाण्याची सोय दाखवली. निघता निघता विचारलं, "आडनाव काय म्हणाल्या तुम्ही?" मावशीनं सांगितलं. संध्याकाळी फोन आला, गाळा आधीच एकाला शब्द दिला होता, मी विसरलो. दुसऱ्यानं विचारलं, "कोणत्या वस्तीतल्या?" तिसऱ्यानं अनामत दुप्पट सांगितली. चौथ्यानं तेवढं खरं बोलून टाकलं. म्हणाला, "मले काई अडचण नाई वो ताई, पण बाजूचे दुकानदार म्हणतीन, गिऱ्हाईक तुटते."

जात कोणीच विचारली नाही, हे लक्षात घ्या. आडनाव विचारलं, वस्ती विचारली, मटण शिजवाल का विचारलं. बांगड्यावाल्या बाईला तर नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्नही आला नाही. परदेशात कातडीच्या रंगावरून माणसाला दुकान नाकारलं, घर नाकारलं, असं आपण टीव्हीवर ऐकतो आणि हळहळतो. आपल्याकडे रंग पाहायची गरज पडत नाही, आडनाव पुरतं.

इकडे बँकेचा हप्ता सुरू झाला. भांडी मावशीच्या घरात पोत्यात बांधलेली, आणि दहाही जणी मजुरीतून हप्ता भरायच्या. दुसऱ्या महिन्याला दोघी म्हणाल्या, आम्हाला गट नको.

तेव्हा मी एक गोष्ट केली, ती सांगते. मी मावशीला म्हटलं, "आपण गाळा सचिवाच्या नावानं घेऊ. तिच्या आडनावाला कोणी नाही म्हणणार नाही. काम तुम्हीच करा." मला वाटलं, काय हुशारी केली. मावशी भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "मंग बोर्डावर बी तिचंच नाव लावाचं का? आन गिऱ्हाईक आलं का मी मागच्या दारानं पळू?"

मी घरी आले आणि रात्रभर ते वाक्य डोक्यात वाजत राहिलं. मी बी.ए. झालेली, बैठकांत संविधानाची उद्देशिका वाचून घेणारी. आणि मी तिला नाव लपवायला सांगून आले होते.

शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे. कोल्हापूरला गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ होते, राजवाड्याच्या चाकरीत. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना तर धडा शिकवलाच, पण गंगारामांना सांगितलं की चाकरी सोड, स्वतःचा धंदा कर. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक हॉटेल. गिऱ्हाईक येईना, महाराच्या हातचा चहा पिणार कोण? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा प्यायचे, बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. लपवाछपवी काही नाही, भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. बाबासाहेबांचंही तुम्हाला ठाऊक असेल. अमेरिकेत शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, आणि मुंबईत त्यांनी शेअरचा सल्ला देणारी पेढी काढली तर जात कळल्यावर गिऱ्हाईक तुटलं. तेही "गिऱ्हाईक तुटते"च.

आपल्याकडे आता महाराज नाहीत, कायदा आहे. तो कुठे धरतो आणि कुठे निसटतो ते पाहू. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, दोन्हीत धंदा करण्यापासून जातीवरून अडवणं हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2016 पासून सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही स्पष्ट घातला आहे. अनुसूचित जाती, त्यात बौद्धही, आणि आपले कोलाम, गोंड, परधान, सगळ्यांना हा कायदा आहे. पण मालकानं जातीचं नावच घेतलं नाही, "विसरलो" म्हणाला, तर सिद्ध काय करणार? आणि मावशी त्याच मालकाच्या वावरात निंदायला जाते, हेही विसरू नका. मणियार बाईला तर हा कायदाच लागू नाही. खासगी मालकानं धर्मावरून गाळा नाकारला तर धरायला नेमकं कलम सापडत नाही. उलट 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहकारी सोसायटी आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. असं आहे.

पण ग्रामपंचायतीचा गाळा वेगळा. तो कोणाच्या बापाचा नाही. राज्यघटनेचं 15 वं कलम म्हणतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून राज्यानं भेदभाव करायचा नाही, आणि पंचायत त्या राज्यात मोडते. आमच्या गावात पंचायतीनं आठ गाळे बांधले होते. सहा वाटले गेले होते, कसे ते कोणाला माहीत नाही. आम्ही माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज दिला. लिलावाची जाहिरात, ठराव, भाडेकरूंची यादी, तिन्ही मागितलं. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अठ्ठाविसाव्या दिवशी ग्रामसेवकाचा फोन आला, "ताई, कशाला कागद वाढवता?" म्हणजे कागदाला किंमत होती तर!

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. एरवी ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकते. आम्ही ती भरवली. उरलेले दोन गाळे दवंडी देऊन, सगळ्यांसमोर चिठ्ठी काढून द्यायचे, असा ठराव मांडला. खरं सांगते, विरोध पुरुषांकडून आला त्याच्या आधी आपल्याच एका गटाकडून आला. एक ताई म्हणाली, "पण जेवाचं दुकान काहून? दुसरं काई काढा न." मुलुंडच्या व्हिडिओवर सगळ्यात जास्त चिडलेली तीच होती. मी तिला तो व्हिडिओ आठवून दिला. ती बोलली नाही, पण हातही खाली घेतला नाही.

ठराव झाला. चिठ्ठीत आमच्या गटाला सातवा गाळा लागला, मागच्या बाजूचा, रस्त्यावरून न दिसणारा. मणियार बाईची चिठ्ठी निघाली नाही. ती अजून बाजाराच्या दिवशी खाली चादर अंथरून बसते, पाऊस आला की बांगड्या गोळा करून देवळाच्या ओसरीखाली उभी राहते. त्या गावाला नगरपंचायत असती तर 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली नोंदणी मागता आली असती. इथे तिच्यासाठी बाजार ओट्याचा अर्ज केला आहे. ओटे बांधणं मंजूर आहे, बांधलेले नाहीत.

खानावळीच्या बोर्डावर मावशीचं नाव आहे, आडनावासकट. पहिल्या महिन्यात ट्रकवालेच यायचे, त्यांना भाकरीशी मतलब. मग पंचायत समितीचे लोक यायला लागले, मग शाळेचे मास्तर. सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. हप्ते अजून दोन मागे आहेत, पण ते आता मजुरीतून भरत नाहीत.

"गिऱ्हाईक तुटते" म्हणणारा तो मालक परवा मला तिथे दिसला. वांग्याची भाजी आणि भाकरी बांधून घेतली, पैसे दिले. आत बसून खाल्लं नाही. पार्सल नेलं. मावशी म्हणाली, "नेऊ दे. डबा वापस द्याले तर येईन न तो."

तुमच्या गावात पंचायतीचे गाळे असतील तर ते कोणाकडे आहेत, याची यादी पुढच्या बैठकीला घेऊन या. अर्ज कसा लिहायचा ते आपण तिथेच बसून लिहू.