पोहणे, सायकल, धावणे आणि संसार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे लेखरूप)



आजचा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. कापडाच्या गादीवर उभे आयुष्य काढलेल्या माणसाने व्यायामावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मी बोलणार आहे ते व्यायामापेक्षा वेळेच्या हिशेबाबद्दल, आणि हिशेब हा आपला पिढीजात विषय आहे.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन प्रकारांची सलग, एकाच दिवसात होणारी शर्यत. तिच्या सर्वांत दीर्घ प्रचलित प्रकाराला ‘आयर्नमॅन’ म्हणतात. त्यात प्रथम ३.८ किलोमीटर पोहायचे, बाहेर येताच १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल ठेवताक्षणी ४२.२ किलोमीटर धावायचे. आपल्या परिसराच्या मापाने सांगायचे तर सायकलचे अंतर म्हणजे फर्दापूरहून छत्रपती संभाजीनगर गाठून परतीच्या वाटेवर सिल्लोड ओलांडणे, आणि धावण्याचे अंतर म्हणजे साधारणतः फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढून पायी सिल्लोडला पोहोचणे. हे सर्व सामान्यतः सतरा तासांत पूर्ण करावे लागते. पोहण्याला आणि सायकललाही स्वतंत्र वेळमर्यादा असते. ती चुकली की पंच स्पर्धकाला बाजूला काढतात.

या शर्यतीचा उगम एका दांपत्याच्या कल्पनेत आहे, ही गोष्ट मला विशेष वाटली. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी हवाई बेटांवरील तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरे एकत्र जोडून ती मांडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर पंधरा जण निघाले, बारा जणांनी ती पूर्ण केली. गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांच्या सुमारास पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचे पाणी संपले तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली म्हणतात! त्या काळी नियोजनाची तऱ्हा अशी होती. पुढे १९८१ पासून स्पर्धा हवाईच्या मोठ्या बेटावर गेली आणि तेथील कोना हे गाव या खेळाची पंढरी ठरले.

महाराष्ट्रातही हे वेड आता नवे राहिलेले नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, झुरिचची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा वर्तमानपत्रांतून हा शब्द घराघरांत आला. २०१७ साली पोलीस सेवेतील कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समधील स्पर्धा पूर्ण केली. परंतु ज्यांनी या खेळालाच आपला व्यवसाय केले असे जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याचे कौस्तुभ राडकर. मूळचे राष्ट्रीय स्तरावरील जलतरणपटू. शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, तेथे या खेळात शिरले, मायदेशी परतून इतरांना शिकवू लागले. पूर्ण अंतराच्या वीसहून अधिक आयर्नमॅन त्यांच्या नावावर आहेत आणि २०१७ साली ते कोनाच्या जागतिक स्पर्धेतही धावले. त्यांचा चरितार्थ प्रशिक्षणाचा आहे, ही बाब तरुणांनी नीट ध्यानात घ्यावी. आपल्या देशात या खेळाच्या बक्षिसांवर संसार चालत नाही. परदेशातही तो फार थोड्यांचा चालतो. २०२२ साली कोनाच्या विजेत्याला सव्वा लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे एक कोटी रुपये मिळाले. परंतु बक्षिसे मोजक्या पहिल्या क्रमांकांपुरतीच असतात. बाकीचे व्यावसायिक खेळाडू पुरस्कर्त्या कंपन्या, शिकवण्या आणि घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाच्या आधारावर उभे असतात. एका दुखऱ्या गुडघ्यात संपूर्ण वर्षाची कमाई जाऊ शकते. आपल्या धंद्यात निदान तागा पडून राहिला तर पुढच्या हंगामात सवलतीत तरी निघतो.

आता हा व्यावसायिक खेळाडू करतो तरी काय? आठवड्याला साधारण पंचवीस ते तीस तास सराव. त्यात वीस किलोमीटरच्या पुढे पोहणे, चारशे-पाचशे किलोमीटर सायकल आणि सत्तर-ऐंशी किलोमीटर, कधी त्याहूनही अधिक, धावणे. आकडे ऐकून वाटते की हा माणूस रोज जीव तोडून पळत असेल. प्रत्यक्षात तसे नाही, आणि मला सर्वाधिक उद्बोधक वाटलेली गोष्ट हीच. स्टीफन सायलर या शरीरशास्त्राच्या अभ्यासकाने दीर्घ पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के सराव हा शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश गतीचा आढळला. उरलेला वीस टक्के मात्र खरोखर कठीण. हौशी माणूस नेमके उलट करतो. त्याला वेळ कमी, म्हणून तो रोजच मध्यम जोराने दामटतो. सावकाश सरावाचा पाया पडत नाही आणि कठीण सरावासाठी ताकद उरत नाही.

याशिवाय सायकलवरून उतरताच लगेच धावण्याचा जोडसराव असतो, कारण त्या क्षणी पाय परक्याचे असल्यासारखे वाटतात आणि त्यांना ती सवय लावावी लागते. स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे सराव मुद्दाम घटवतात. रात्रीची आठ-नऊ तासांची झोप आणि दुपारची विश्रांती हा त्यांच्या कामाचाच भाग. म्हणजे तीस तासांचा सराव म्हटला तरी त्याभोवती खाणे, निजणे, मालीश, सायकलची देखभाल असे करता करता आठवडा पुरता भरून जातो.

आहाराविषयी आपल्या श्रोत्यांना कुतूहल असणारच. शरीर साखरेचा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवते. तो सुमारे दोन हजार कॅलरींचा. पूर्ण शर्यतीला आठ-दहा हजार कॅलरी लागतात. चरबीचा साठा विपुल असतो, पण तो गोदामातल्या मालासारखा. गिऱ्हाईक समोर उभे असताना तेथून माल आणायला वेळ लागतो. मांडणीवरचा माल म्हणजे साखर. ती संपली की धावणारा माणूस चालू लागतो. म्हणून सायकलवर असतानाच दर तासाला साठ ते नव्वद ग्रॅम, आणि अलीकडे व्यावसायिक त्याहूनही अधिक, शर्करा पोटात घालतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, त्यामुळे दोन्हींचे मिश्रण घेतले तर अधिक पचते. त्यासाठी पोटालाही महिनोन्‌महिने सवय लावावी लागते.

यात मांसाहार अटळ आहे असा एक समज आहे, तो चुकीचा. हवाईची ही स्पर्धा १९८० ते १९८७ या काळात सहा वेळा जिंकणारा डेव्ह स्कॉट हा त्या काळात शाकाहारी होता. आपल्या तरुणांनी एवढेच पाहावे की बाजारात मिळणाऱ्या चघळण्याच्या गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन असते आणि काही जेलमध्ये मध असतो. पाकिटावरील बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नये. रात्रिभोजन त्यागाचे काय, असेही एकाने विचारले. कोनाचा विजेता पहाटे साडेसहाच्या सुमारास निघून दुपारी अडीच वाजण्यापूर्वी मोकळा होतो, त्याला अडचण नाही. अडचण मध्यरात्रीपर्यंत धावत राहणाऱ्यांची आहे!

शर्यतीच्या दिवशी कौशल्य असते ते हात आखडता घेण्यात. सायकलच्या पहिल्या साठ किलोमीटरमध्ये अंगात बळ असते, आजूबाजूचे पुढे जात असतात. तेथे जो वाहवला, तो मॅरेथॉनमध्ये व्याजासह फेडतो. दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवत सायकल चालविण्यास येथे मनाई आहे. ठरलेले अंतर मोडले की दंड म्हणून थांबावे लागते. आणि सर्व तयारी असूनही दिवस हातातून जातो. जर्मनीचा यान फ्रोडेनो कोनाचा २०१५ आणि २०१६ चा विजेता. २०१७ साली धावायला लागताच त्याची पाठ आखडली. जगज्जेत्याने माघार घेतली असती तर कोणी बोट दाखवले नसते. त्याने थांबत, चालत, चार तासांहून अधिक वेळ घेऊन ती मॅरेथॉन संपवली. २०१९ मध्ये तो पुन्हा जिंकला, तेही तेव्हाच्या विक्रमी वेळेत.

याच फ्रोडेनोच्या घराकडे वळू. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ट्रायथलॉनचे सुवर्ण त्याचे आणि महिलांचे सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या एमा स्नोसिलचे. पुढे ही दोघे पती-पत्नी झाली. एमा त्याआधी तीन वेळा विश्वविजेती होती. तिने २०१४ मध्ये निवृत्ती घेतली. यानची कोनाची तिन्ही विजेतेपदे त्यानंतरची. तिच्या निवृत्तीची कारणे तिची स्वतःची असतील, त्यात आपण पडू नये. परंतु घरात दोन मुले असताना आई-वडील दोघांनीही आठवड्याला तीस तास रस्त्यावर असणे हे गणित मुळातच अवघड आहे, आणि बहुतेक घरांत वजाबाकी कोणाच्या तासांतून होते हे या सभागृहातील भगिनींना मी सांगायला नको.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेची चेल्सी सोडारो ही मूळची धावपटू. मार्च २०२१ मध्ये तिला कन्या झाली. अवघ्या दीड वर्षाने, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ती प्रथमच कोनाला उतरली आणि पहिल्याच प्रयत्नात जिंकली. अंतिम रेषेवर मुलगी तिच्या कडेवर होती. ते छायाचित्र जगभर गेले. त्याहून मोलाचे मला वाटते ते हे की बाळंतपणानंतर आलेल्या मानसिक अस्वस्थतेबद्दल तिने नंतर उघडपणे सांगितले. छायाचित्रात ते दिसत नाही. या घरात पती, प्रशिक्षक, मूल सांभाळणारी माणसे या सर्वांचे वेळापत्रक एकाच कागदावर असावे लागते. आईने सकाळी पोहायला जायचे तर बाळाजवळ कोण, हे आदल्या रात्री ठरलेले असते.

व्यावसायिकाच्या आणि आपल्या घरातला खरा फरक मला येथे दिसतो. त्याच्या घरी सराव हे काम आहे, म्हणून त्याचे तास सर्वांना ठाऊक असतात आणि त्यावर बोलणे होते. हौशी माणसाला अर्ध्या अंतराच्या शर्यतीसाठी आठवड्याला आठ-दहा तास आणि पूर्ण अंतरासाठी बारा ते पंधरा तास लागतात. त्याचे दुकान किंवा नोकरी तशीच राहते. मग हे तास येतात कोठून? थोडे झोपेतून, थोडे गल्ल्यावरून, आणि बरेचसे घरच्यांच्या वाट्यातून. ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाहीत. उधारीच आहे ही, फक्त नाव न लिहिलेली.

माझ्या पुतण्याच्या घरी हेच झाले. पहाटे चारला सायकल घेऊन तो घाट चढायचा, नऊला दुकानात यायचा आणि दुपारी बस्ता बांधायला आलेल्या पाहुण्यांसमोर डुलक्या घ्यायचा. रविवार तर पूर्ण रस्त्यावर. सूनबाईंची तक्रार खेळाबद्दल नव्हतीच. “काकासाहेब, जायला माझी ना नाही. पण विचारून जातात का?” असे त्या म्हणाल्या. मी दोघांना समोर बसवले आणि रोजमेळासारखी एक वही उघडायला सांगितली. डाव्या बाजूला त्याच्या सरावाचे तास, उजव्या बाजूला ते कोणाच्या वाट्यातून गेले त्याचे नाव. पहिल्या महिन्यात छत्तीस तास निघाले, त्यातले बावीस सूनबाईंच्या नावावर. तो गप्प बसला. आता तो लांबची सायकल शनिवारी पहाटे उरकतो, रविवारी मुलांना सांभाळतो, आणि त्या वेळात सूनबाई शिवणकामाच्या वर्गाला जातात. लग्नसराईत सराव निम्मा करण्याचे त्याने आपणहून कबूल केले. गती थोडी घटली असेल; आठवड्याला दहाचे आठ तास झाले एवढेच.

राहिला प्रश्न स्पर्धेच्या तारखेचा. भारतातील पहिली आयर्नमॅन ७०.३, म्हणजे अर्ध्या अंतराची शर्यत, गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. निहाल बेग या भारतीय खेळाडूने ती पाच तासांच्या आत जिंकली. पण कापडवाल्याच्या डोळ्यांनी ती तारीख पाहा. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते, म्हणजे ऐन विक्रीचा रविवार! २०२४ मध्येही शर्यत २७ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन त्याच आठवड्यात. २०२२ साली मात्र ती १३ नोव्हेंबरला, दिवाळी आटोपल्यावर झाली होती. तेव्हा पुतण्याच्या घरी ठरले आहे ते असे: तारीख जाहीर झाली की प्रथम पंचांग काढायचे. दिवाळीच्या अलीकडची असेल तर त्या वर्षी अर्ज भरायचा नाही, दिवाळीनंतरची असेल तर सर्वांनी मिळून गोव्याला जायचे, आणि तिकिटे सूनबाई काढतील.