तलवारीची साक्ष



खंडेनवमीला घरची तलवार पुजणाऱ्या मंडळींपुढे मी अमेरिकेच्या तलवारींविषयी बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. नोकरीनिमित्त तिकडे राहत असता मला त्यांच्या संग्रहाचा नाद लागला. त्या नादात हातून घडलेली एक चूक आज सांगावी, असे मनात आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले. त्या काळच्या घोडेस्वारांच्या तलवारी अजून संग्राहकांच्या हाती येतात. त्यांचे मुख्य नमुने दोन. १८४० चा नमुना फ्रेंच तलवारीवर बेतलेला, जड व रुंद पात्याचा. शिपाई तिला ‘मनगटतोडी’ म्हणत. १८६० चा नमुना हलका, पाते सुमारे एक इंच रुंद. दोहोंची परज पितळी व तीन फांद्यांची. म्हणून नवखा फसतो. त्याने मूठ हातात घेऊन पाहावी. जुन्या नमुन्याची मूठ सरळ, नव्याची मध्यभागी फुगीर.

परंतु खरी साक्ष मुठीलगतच्या पात्यावर असते. सरकारी तलवारीवर तेथे ‘यू. एस.’ ही अक्षरे, साल व तपासनिसाची आद्याक्षरे, आणि दुसऱ्या बाजूस कारखान्याचे नाव सापडते. मॅसॅच्युसेट्समधील एम्सचा कारखाना प्रसिद्ध. त्याच्या काही पात्यांवर ‘चिकोपी’, तर काहींवर ‘केबटव्हिल’ असे गावाचे नाव आहे. चिकोपी हे स्वतंत्र गाव १८४८ साली झाले, केबटव्हिल हे त्यातल्याच वस्तीचे आधीचे नाव. एका नावावरून पात्याचा काळ असा उमगतो. जर्मनीतील सोलिंगेनहूनही त्या युद्धात पुष्कळ तलवारी आल्या. त्यांवर तिकडच्या कारागिरांच्या खुणा असतात. दक्षिणेकडील अनेक तलवारींवर खूणच नसे. त्यांना किंमत फार, म्हणून लबाड लोक साध्या पात्यावर मागाहून ‘सी. एस.’ ठोकतात. तेव्हा अक्षरे दिसली की हुरळून न जाता पाते, परज, मूठ व म्यान यांचा मेळ पाहावा.

आता माझी चूक. पहिलीच तलवार गंजलेली मिळाली. ती लखलखीत करावी म्हणून मी पॉलिशकागदाने दोन दिवस घासली. तलवार चमकली, पण साल व आद्याक्षरे पुसली गेली. ती कोणत्या वर्षीची, कोणी तपासलेली, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

आपल्या घरांतही वाडवडिलांच्या तलवारी आहेत. काहींना युरोपी पाते व देशी मूठ असते. तिलाच आपण फिरंग म्हणतो. त्यांवरही नावे, खुणा असतात. यंदा खंडेनवमीला त्या राखेने वा कागदाने घासू नका. मऊ फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात द्या, अक्षरे दिसली तर छायाचित्र घेऊन ठेवा. पूजा तेवढ्यानेही पुरी होते, आणि साक्ष नातवंडांसाठी शिल्लक राहते.