बावटा चढवणारा कप्तान

रॉबर्ट फिट्झरॉय म्हटलं की आपण लगेच म्हणतो, डार्विनला 'बीगल'वरून नेणारा कप्तान. ती सफर तुम्हाला ठाऊक आहे, मी सांगत बसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या माणसाला डार्विनच्या सावलीतून जरा बाहेर काढा.

१८४१ साली तो डरहॅमचा खासदार झाला. व्यापारी जहाजांच्या कप्तानांची परीक्षा घ्या, म्हणून त्यानं विधेयक मांडलं. ते बारगळलं, पण १८५०च्या कायद्यानं परीक्षा सक्तीची झालीच. पुढे न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. तिथं वैराऊला माओरींशी झालेल्या चकमकीत २२ गोरे मेले होते, तरी आगळीक गोऱ्यांचीच, असं त्यानं वसाहतवाल्यांना तोंडावर सुनावलं. १८४५मध्ये त्याला परत बोलावलं. तिजोरीचा घोळही होता त्यात, पण तो विषय मोठा आहे, आज राहू द्या.

पुढे तो मायदेशी सरकारच्या हवामान विभागाचा प्रमुख झाला. ऑक्टोबर १८५९मध्ये 'रॉयल चार्टर' जहाज वादळात अँगलसीच्या खडकांवर फुटलं, चारशेंहून अधिक माणसं गेली. वादळाची वर्दी तारेनं आधी देता येईल, हे फिट्झरॉयनं धरून ठेवलं. १८६१पासून बंदरांवर डोलकाठीला कॅनव्हासचा शंकू चढू लागला. टोक वर, तर वादळ उत्तरेचं. टोक खाली, तर दक्षिणेचं. अक्षरशत्रू कोळ्यालाही कळावं असं. आपल्या कोकणात तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर ओढतात, ती याच जातीची रीत.

आणि लोकांनी काय केलं? गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात, आजी म्हणते, आभाळ भरलंय, उचला. पाऊस आला तर वाचलेल्या कुरडया सगळे खातात, आजीचं नाव कुणी काढत नाही. नाही आला, तर कुरडया ओल्या राहिल्याचा ठपका वर्षभर तिच्यावर! फिट्झरॉयचं हेच झालं. अंदाज चुकला की वर्तमानपत्रं तुटून पडत, वाचलेल्या होड्या मोजायला कुणी जात नसे. पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: वाचलेल्या होड्या कुणी मोजल्या नाहीत.

१८६५मध्ये त्यानं स्वतःचा जीव घेतला. पदरचा पैसा कामात संपला होता. पुढच्याच वर्षी विद्वानांनी इशारे बंद केले. दर्यावर्दींनी ओरड केली, तेव्हा १८६७मध्ये शंकू पुन्हा चढले. त्या मागणीवर बोलायचं होतं, पण वेळ संपत आला. एवढं मात्र सांगतो: बीबीसीच्या सागरी हवामानवृत्तात 'फिनिस्टेर' नावाचा समुद्राचा एक पट्टा होता. २००२पासून त्याचं नाव 'फिट्झरॉय' आहे.